पात्र तेच, नट दुसरा

नाटकातील पात्र निराळे आणि ते पात्र वठविणारा नट निराळा, हे तत्त्व कोणीही सुशिक्षित मनुष्य वादाच्या वेळी चटकन मान्य करील. परंतु आपल्या आवडत्या पात्राच्या जागी दुसरा नट उभा राहिला म्हणजे तोच गृहस्थ 'हा तो नव्हेच!' असे म्हणून मान फिरवितो. जुन्या नाटकाचा नवा प्रयोग लागला किंवा जुन्या कथेवर नवा चित्रपट निघाला, की घरोघर पहिला प्रश्न कथेविषयी नसतो, संगीताविषयीही नसतो; 'ती भूमिका आता कोण करणार?' हा असतो. पुष्कळ विचारी लोक या वादास पोरकट समजतात. आमचे मत तसे नाही. या वादाचा इतिहास पाहिला तर त्यात मराठी समाजाच्या अभिरुचीचा, त्याच्या निष्ठेचा, आणि क्वचित त्याच्या असहिष्णुतेचाही इतिहास सापडतो. म्हणूनच त्याचा थोडासा परामर्श घेण्याचे आम्ही योजिले आहे.

या विवेचनास आरंभ करण्यास रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत-खालापूर या प्रदेशाइतके योग्य स्थळ आम्हांस दुसरे दिसत नाही. खालापूर तालुक्यातील चौक हे गाव नेताजी पालकरांचे गाव म्हणून ओळखले जाते. नेताजी हे शिवछत्रपतींचे सरनोबत. त्यांचा पराक्रम आणि धावती युद्धपद्धती पाहून लोक त्यांस 'प्रतिशिवाजी', म्हणजे दुसरा शिवाजी, असे म्हणत. त्याच तालुक्यात उंबरखिंड आहे. १६६१ च्या फेब्रुवारीत महाराजांनी कारतलबखानाची फौज त्या अरुंद वाटेत कोंडून शरण आणली, हे सर्वश्रुत आहे. पुढे १६६६ साली नेताजी स्वराज्यास अंतरले. मोगलांच्या कैदेत सापडून १६६७ साली त्यांचे धर्मांतर झाले आणि 'प्रतिशिवाजी' या नावाचा पुरुष महंमद कुलीखान या नावाने वावरू लागला. १६७६ साली ते महाराजांकडे परत आले, तोवर सरनोबतीच्या पदावरून एक पुरुष होऊन गेला होता आणि दुसरा तेथे विराजमान होता. कुडतोजी गुजर यांस 'प्रतापराव' ही पदवी मिळाली. ते १६७४ साली नेसरीस पडल्यावर हंसाजी मोहिते हे 'हंबीरराव' होऊन त्या पदावर आले. पद तेच राहिले, पुरुष बदलले, आणि राज्य चालले. प्रत्यक्ष इतिहासाने जी गोष्ट तीन पुरुषांच्या बाबतीत निमूटपणे केली, तीच रंगभूमीने केली म्हणजे आपला जीव इतका का तळमळावा, हा आमच्यापुढील प्रश्न आहे.

योगायोग असा, की ज्या चौक गावाने महाराष्ट्रास 'दुसरा शिवाजी' दिला, त्याच गावाहून कर्जतकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुमारे साडेतीनशे वर्षांनी पडद्यावरील शिवाजी उभा राहिला. प्रसिद्ध कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ साली तेथे एन. डी. स्टुडिओ या नावाने चित्रनगरी उभारली. 'जोधा अकबर' या २००८ सालच्या हिंदी चित्रपटासाठी आग्र्याचा किल्ला त्यांनी याच माळावर रचला. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस 'राजा शिवछत्रपती' ही त्यांनी निर्माण केलेली मालिका मराठी घरांत दिसू लागली. तीत अमोल कोल्हे हे शिवाजी महाराज आणि मृणाल कुलकर्णी या जिजाबाई झाल्या होत्या. कोल्हे हे पेशाने डॉक्टर आणि नट म्हणून नवखे. परंतु मालिका घरोघर पाहिली जाऊ लागली, तशी लहान मुलांच्या मनात महाराजांची मूर्ती आणि कोल्ह्यांची मुद्रा एक होऊन गेली. २०१७ साली हेच नट 'स्वराज्यरक्षक संभाजी' या मालिकेत शंभूराजे झाले आणि शंतनु मोघे हे महाराज झाले, तेव्हा ज्यांस आपण पिता म्हणून पाहिले त्यांस पुत्र म्हणून कसे पाहावे, हा पेच त्या मुलांपुढे पडला असल्यास नवल नाही. पाहता पाहता तो पेच सुटला, आणि शंभूराजांचीही तीच मुद्रा लोकांच्या मनात ठसली. निष्ठा किती खोल असते आणि ती किती लवकर घर बदलते, याचा हा उत्तम दाखला आहे.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की, मालिकेतील महाराज म्हणजे कल्पित पात्र नव्हे. ते इतिहासातील पुरुष आहेत, आणि म्हणून त्यांच्या मुद्रेविषयी आग्रह धरणे हे कल्पित नायकाविषयी आग्रह धरण्यासारखे नाही. आक्षेप बरोबर आहे; परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष उलटाच आहे. एके काळी महाराजांचे म्हणून जे चित्र महाराष्ट्रात प्रचलित होते, ते वस्तुतः इब्राहिमखान नामक दुसऱ्याच एका पुरुषाचे होते. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी ही चूक दाखवून दिली आणि व्हॅलेंटाइन या डच ग्रंथकाराच्या ग्रंथातील खरे चित्र विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात लोकांपुढे ठेवले. म्हणजे ज्या मुद्रेपुढे पूर्वजांनी हात जोडले, ती मुद्रा महाराजांची नव्हतीच! तेव्हा त्यांची भक्ती खोटी होती काय? खचित नव्हे. भक्तीचा विषय ती मुद्रा नव्हती. मुद्रेच्या पलीकडचे चरित्र होते. खरे चित्र हाती आल्यावर समाजाने जुने चित्र खाली उतरविले आणि भक्ती होती तशीच राहिली.

पडद्यावरही हाच क्रम दिसतो. व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शनास हात घातला तो १९२७ सालच्या 'नेताजी पालकर' या मूकपटापासून, हे चौककरांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. 'उदयकाल' या प्रभातच्या मूकपटात शांताराम स्वतः शिवाजी झाले होते. 'स्वराज्याचे तोरण' हे त्याचे मूळ नाव त्या वेळच्या सरकारी परीक्षकांस न रुचल्यामुळे बदलावे लागले. भालजी पेंढारकरांच्या १९५२ सालच्या 'छत्रपती शिवाजी' या चित्रपटात चंद्रकांत मांडरे यांनी उभे केलेले महाराज एका संपूर्ण पिढीचे महाराज झाले. श्याम बेनेगल यांच्या १९८८ सालच्या 'भारत एक खोज' मालिकेत नसीरुद्दीन शहा यांनी ती भूमिका केली. २००९ साली महेश मांजरेकर यांनी केली. प्रत्येक पिढीने आपल्या आधीच्या मुद्रेशी नवी मुद्रा ताडून पाहिली, पहिल्याने नाक मुरडले, आणि मग तीच नवी मुद्रा पुढच्या पिढीशी वाद घालण्यासाठी जपून ठेवली.

हा स्वभाव चित्रपटाने लावलेला नाही. तो संगीत नाटकाने लावला आहे, किंबहुना त्याच्या जन्माबरोबर जन्मला आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' १८८० साली पुण्यास रंगभूमीवर आले. ज्यांची शकुंतला आणि ज्यांची सुभद्रा पुढे दंतकथा होऊन बसल्या, ते भाऊराव कोल्हटकर त्या पहिल्या प्रयोगात नव्हतेच. ते १८८२ साली मंडळीत आले. म्हणजे भाऊरावांची शकुंतला ही मुळातच दुसऱ्याच्या जागी आलेली शकुंतला होती. भाऊराव १९०१ साली वारले. आता शकुंतला संपली, असे म्हणणारे लोक अवघी चार वर्षे काय ते तसे म्हणू शकले. १९०५ साली नारायण श्रीपाद राजहंस नावाचा सतरा वर्षांचा मुलगा मिरजेस शकुंतला होऊन उभा राहिला, आणि 'बालगंधर्व' या नावापुढे भाऊरावांचे नाव वृद्धांच्या आठवणीत जाऊन बसले. ज्या नटाविषयी 'असा पुन्हा होणे नाही' असे मराठी माणूस आजही म्हणतो, तो नट स्वतः आपल्या रंगभूमीवर एका लाडक्या नटाच्या जागी आलेला होता, हे विसरता उपयोगी नाही.

या संदर्भात 'संयुक्त मानापमाना'चा प्रयोग फार बोधप्रद आहे. खाडिलकरांचे 'मानापमान' १९११ च्या मार्चात प्रथम झाले, तेव्हा नानासाहेब जोगळेकर हे धैर्यधर आणि बालगंधर्व ही भामिनी. जोगळेकर त्याच वर्षी वारले. पुढे गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन मंडळ्यांचे चाहते परस्परांचे प्रतिस्पर्धी झाले. गंधर्वांचा भक्त केशवराव भोसल्यांच्या नाटकास जाणे म्हणजे फितुरी समजत असे. असे असता ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी दोन्ही मंडळ्या एकत्र आल्या, आणि भामिनी गंधर्वांची व धैर्यधर केशवरावांचा असा प्रयोग झाला. दोन्ही पक्षांचे लोक एकाच छताखाली बसले आणि प्रतिपक्षाच्या नटास आपल्या लाडक्या पात्राशेजारी उभे असलेले त्यांनी पाहिले. केशवराव त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात वारले. तो योग तसा पुन्हा यावयाचा नव्हता. शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला तरी त्या प्रयोगाची आठवण निघते ती कोण कोणावर मात करून गेला म्हणून नव्हे, तर दोन निष्ठा एका रात्री शेजारी शेजारी बसू शकल्या म्हणून.

आता या वादाच्या सर्वांत नाजूक भागाकडे वळू. दादासाहेब फाळक्यांना १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' या चित्रपटासाठी तारामती व्हावयास एकही स्त्री मिळेना. अखेर उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके या तरुणास त्यांनी लुगडे नेसविले. १९१७ सालच्या 'लंकादहना'त तर हेच साळुंके राम झाले आणि सीताही झाले. तीच तारामती १९३२ साली 'अयोध्येचा राजा' या बोलपटात दुर्गाबाई खोटे यांनी केली. मधल्या एकोणीस वर्षांत पात्र बदलले नाही, कथा बदलली नाही. बदलले ते एवढेच की स्त्रीच्या जागी स्त्री उभी राहिली. रंगभूमीवरही त्याच सुमारास हिराबाई बडोदेकर सुभद्रा म्हणून उभ्या राहिल्या, आणि १९३३ साली नाट्यमन्वंतर संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक स्त्रियांकडून स्त्रीभूमिका करवून सादर केले. त्या वेळच्या रसिकांत जो मतभेद माजला, त्याचे स्वरूप आज ऐकून हसू येईल: बालगंधर्वांइतकी स्त्री प्रत्यक्ष स्त्रीसही होता येणार नाही, असे प्रतिपादन करणारे विद्वान गृहस्थ काही थोडे नव्हते.

परंतु प्रेक्षक नेहमीच बदलाचा वैरी असतो, असेही म्हणता येत नाही. १९३७ साली बालगंधर्व 'साध्वी मीराबाई' या बोलपटात स्वतः मीरा झाले. वय एकोणपन्नास; रंगमंचावरील दिव्यांच्या उजेडात जे रूप दूरवरून मोहिनी घालीत असे, ते कॅमेऱ्याच्या जवळच्या दृष्टीस टिकले नाही, आणि चित्रपट लोकांस रुचला नाही. ज्या प्रेक्षकांनी त्यांस डोक्यावर घेतले होते, त्याच प्रेक्षकांनी येथे मौन पत्करले. नवा नट नको म्हणणारा समाज जुना नटही अस्थानी दिसला तर नको म्हणतो. यावरून आम्हांस असे वाटते की, प्रेक्षक ज्याची राखण करतो तो चेहरा नसून चेहऱ्याच्या निमित्ताने मनात बसलेले एक प्रमाण आहे. मात्र त्याचे त्यास ते ठाऊक नसते.

हा वाद आपल्याकडेच आहे असे नाही. पाश्चात्य देशांत आकाशयाने, परग्रह आणि भविष्यकाळ यांवर रचलेल्या विज्ञानकथांच्या चित्रमालिका फार लोकप्रिय आहेत, आणि त्यांच्या नव्या आवृत्त्या निघाल्या की तेथेही रणे माजतात. 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' या १९७८ सालच्या अमेरिकन मालिकेतील स्टारबक नामक वीर डर्क बेनेडिक्ट यांनी केला होता. २००३ साली ती कथा नव्याने रचताना हा वीर वीरांगना झाला आणि केटी सॅकहॉफ यांनी ती भूमिका केली. तेव्हा खुद्द बेनेडिक्ट यांनी लेख लिहून निषेध नोंदविला. इंग्लंडातील 'डॉक्टर हू' या मालिकेच्या कर्त्यांनी तर १९६६ सालीच या रोगावर औषध काढले. मुख्य नट विल्यम हार्टनेल यांची प्रकृती साथ देईना, तेव्हा नायक देह बदलतो अशी कल्पना कथेतच घालून त्यांनी पॅट्रिक ट्राउटन यांस त्या जागी आणले. 'वासांसि जीर्णानि' हा आपला परिचित सिद्धांतच जणू त्यांनी धंद्याच्या उपयोगी आणला! तरीही २०१७ साली नवा देह स्त्रीचा असेल असे जाहीर झाले, तेव्हा काही चाहते खवळलेच. गंमत अशी की, वीराची स्त्री झाली म्हणून ते रागावले, आणि आमचे पूर्वज स्त्रीची स्त्री झाली म्हणून रागावले होते. कारण उलट, राग एकच. यावरून रागाचे मूळ कारण स्त्री किंवा पुरुष हे नसून सवयमोड हे आहे, एवढे तरी सिद्ध होते.

मग जुन्याच्या जागी आलेला नट यशस्वी केव्हा होतो? दोन उदाहरणे पुरेत. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'मधील गणपतराव बेलवलकर १९७० साली डॉ. श्रीराम लागू यांनी उभे केले. ती भूमिका म्हणजे लागू असे समीकरण झाले. पुढे दत्ता भट यांनी ती केली. २०१६ साली नाना पाटेकर यांनी पडद्यावर केली. लागूंच्या आवाजाचे चढउतार उसने घेऊन कोणी उभा राहिला असता तर तो तत्काळ पडला असता. या नटांनी बेलवलकरांचे दुःख स्वतःच्या अंगाने सोसून दाखविले, म्हणून ते टिकले. दुसरे उदाहरण 'कट्यार काळजात घुसली'चे. बालगंधर्व जुलै १९६७ मध्ये निवर्तले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात दारव्हेकरांचे हे नाटक आले, आणि वसंतराव देशपांडे यांचे खाँसाहेब अवघ्या महाराष्ट्राच्या कानात बसले. वसंतराव १९८३ साली वारले. २०१० साली सुबोध भावे यांनी नाटक पुन्हा उभारले तेव्हा खाँसाहेब झाले ते वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे. २०१५ सालच्या चित्रपटात देह सचिन पिळगांवकरांचा आणि गळा राहुल देशपांड्यांचा अशी वाटणी झाली. जुन्या रसिकांनी तुलना केली. त्यांनी ती करावी, तो त्यांचा हक्क आहे. परंतु ज्यांनी वसंतरावांस प्रत्यक्ष ऐकलेच नव्हते, अशा हजारो तरुणांस याच नव्या खाँसाहेबांनी जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या दाराशी नेऊन सोडले. जुन्यास मारणारा नवा आणि जुन्याकडे नेणारा नवा, हा भेद रसिकाने ओळखला पाहिजे.

प्रेक्षकास हक्क आहे असे आम्ही म्हटले. त्या हक्काची मर्यादाही सांगितली पाहिजे. दिग्पाल लांजेकर यांच्या 'फर्जंद', 'पावनखिंड', 'शेर शिवराज' इत्यादी चित्रपटांतून चिन्मय मांडलेकर यांनी महाराजांची भूमिका केली होती. २०२४ च्या एप्रिलात त्यांनी, आपण ती भूमिका यापुढे करणार नाही, असे जाहीर केले. कारण त्यांच्या अभिनयावरील टीका नव्हे. आपल्या मुलास त्यांनी दिलेल्या नावावरून त्यांच्या कुटुंबावर झालेला शिव्यांचा भडिमार हे होते. नटाच्या स्वरावर, चालीवर, तलवार धरण्याच्या पद्धतीवर वाटेल तेवढे कठोर बोलावे. परंतु त्याच्या घराचा उंबरा ओलांडून आत शिरणे हे रसिकाचे काम नव्हे. स्वतः महाराजांनी महंमद कुलीखान होऊन परत आलेल्या नेताजींस दाराबाहेर ठेवले नाही. त्यांस पुन्हा आपले म्हटले. सुमारे नऊ वर्षे दुसऱ्या नावाने वावरलेल्या पुरुषास ज्यांनी सामावून घेतले, त्यांच्याच नावाने एका बालकाच्या नावावर कोरडे ओढणे, ही त्या थोर पुरुषाची सेवा म्हणता येईल काय? हा प्रश्न नुसत्या नाट्यरसिकतेचा नाही. ज्याच्यावर आपण प्रेम करतो त्याच्या गुणांवर प्रेम करतो की केवळ आपल्या मालकीवर, याचा निर्णय येथे होतो.

चौकजवळची ती चित्रनगरी ज्यांनी उभारली ते नितीन देसाई २ ऑगस्ट २०२३ रोजी तेथेच कालवश झाले. चार वेळा राष्ट्रीय पुरस्कार मिळविलेल्या या कलावंताने काष्ठ, कापड आणि प्लास्टर यांतून किल्ले आणि महाल उभे केले. असली वास्तू टिकावी म्हणून बांधलेली नसते, एका कथेपुरती ती खरी असते. त्यांनीच २०११ साली 'बालगंधर्व' हा चित्रपट निर्माण केला. त्यात सुबोध भावे हे बालगंधर्व झाले आणि गाणी आनंद भाटे यांनी गायिली. म्हणजे भाऊरावांच्या जागी आलेल्या नटाच्याच जागी आता दुसरा नट आला. ज्यांनी प्रत्यक्ष बालगंधर्व पाहिले होते असे वृद्ध तोवर विरळाच उरले होते; बाकीच्यांस त्या नावाची ओळख या चित्रपटानेच घडविली.

तात्पर्य, लाडके पात्र दुसऱ्याच्या हाती गेले म्हणून हळहळणे हा दोष नव्हे. ज्या समाजास हळहळच वाटत नाही, त्याने ते पात्र मनापासून कधी आपलेसे केलेच नव्हते असे समजावे. परंतु हळहळीने नव्या नटाची वाट अडवू नये. शकुंतला, सुभद्रा, तारामती, बेलवलकर आणि खाँसाहेब ही पात्रे आज जिवंत आहेत, ती प्रत्येक वेळी कोणीतरी 'हा तो नव्हे' हे शब्द सोसून त्यांचा वेष अंगावर चढविला म्हणून. पुढच्या वेळी असा एखादा नट आपल्यापुढे उभा राहील तेव्हा त्यास पहिला अंक तरी निवांतपणे पूर्ण करू द्यावा, एवढीच आमची रसिकांस विनंती आहे. मग निर्णय त्यांनी खुशाल द्यावा.